सकाळी गाडी सुरू केली की फॅन बेल्ट किंचाळतो. घरीच बदलता येईल का?

तुमची गाडी बारा वर्षांची, नाशिकच्या सिडकोत बिल्डिंगखाली उभी असते आणि थंडीत पहिल्या स्टार्टला बेल्ट ओरडतो, असं तुम्ही लिहिलंय. बेल्ट घरी नक्की बदलता येईल. पण तो का घसरतोय ते आधी शोधा. मी ते शोधलं नव्हतं.

माझ्या गाडीचा असाच आवाज एका गॅरेजवाल्याने साबण चोळून बंद करून दिला. दोन आठवड्यांनी मुंबईहून परतताना कसारा घाटात बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा चढायला लागला. बेल्ट तुटला होता, आणि माझ्या गाडीत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर चालतो. लगेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं म्हणून इंजिनचं हेड (वरचा भाग) तापून खराब होण्यापासून वाचलं. तेव्हा साबण, पावडर असलं काही लावू देऊ नका.

सकाळीच आवाज येतो, कारण स्टार्टरने बॅटरीतून ओढलेला करंट भरून काढायला याच बेल्टवर फिरणाऱ्या डायनामोवर तेव्हाच जास्त भार पडतो. त्यात नाशिकचं दव. इंजिन चालू असताना हात आणि कपडे लांब ठेवून बाटलीने बेल्टच्या खाचांवर थोडं पाणी उडवा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत.

आता बदलायचं काम. इंजिन पूर्ण गार झालं की बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि बेल्ट कुठून कसा फिरलाय त्याचा मोबाईलवर फोटो घ्या. हा फोटो विसरू नका. ऑटो टेन्शनर, म्हणजे बेल्टचा ताण आपोआप राखणारी स्प्रिंगची पुली असेल तर लांब दांड्याच्या पान्याने तो फिरवून धरायचा, बेल्ट निघतो. नसेल तर डायनामोचे बोल्ट सैल करून तो आत ढकलायचा. काही गाड्यांत यातलं काहीच नसतं, बेल्ट ताणूनच बसवलेला असतो. त्याला वेगळं टूल लागतं, ते काम गॅरेजलाच द्या. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा वेगळा बेल्ट, त्यालाही घरी हात लावू नका.

बेल्ट निघाला की प्रत्येक पुली बोटाने फिरवून बघा, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. माझ्या टेन्शनरची पुली फिरवली तर आत वाळू भरल्यासारखी खरखर, आणि हलवली की डुगडुगायची. बेअरिंग गेलेलं होतं. नुसता नवा बेल्ट टाकला असता तर तोही कडेने कातरला गेला असता. कुठे ऑइल किंवा कूलंट गळत असेल तर तेही आधी थांबवा.

जुना बेल्ट दुकानात घेऊन जा. त्यावर '६पीके१०७०' असं काहीतरी छापलेलं असतं: सहा धारा (बेल्टच्या लांबीभर गेलेले उंचवटे), लांबी १०७० मिलिमीटर. हल्लीच्या रबराला सहसा चिरा पडत नाहीत, धारा टायरसारख्या झिजतात. त्यामुळे चिरा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, असं समजू नका.

नवा बसवल्यावर प्रत्येक धार आपल्या खाचेत बसली का ते खालच्या पुलीपर्यंत टॉर्च लावून बघा. मग क्रँकची पुली (इंजिन जी थेट फिरवतं ती खालची) पान्याने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, दोन-तीन फेरे फिरवा आणि पुन्हा बघा. एक धार जरी बाहेर राहिली तरी बेल्ट उडतो. हाताने ताण द्यायचा प्रकार असेल तर दोन-तीनशे किलोमीटरनंतर तो परत तपासा, नवा बेल्ट थोडा सैलावतो.

गाडीचं मॉडेल कळवलंत तर टेन्शनर कुठल्या प्रकारचा ते सांगायचा प्रयत्न करतो.