काळ्या लॅब्राडॉरचं जलरंगातलं चित्र करून घ्यायचंय. फोटो कोणता द्यावा आणि चित्रकाराला काय विचारावं?

कुत्रा आता नाही, फोनमधले जुने फोटो तेवढे आहेत आणि चित्र आईला द्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे नवा फोटो काढणं शक्य नाही, त्यात जनावर काळं. जलरंगातलं हे सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. तेलरंगात चुकलं तर वरून रंग चढवून झाकता येतं, इथे गडद थर बसला की तो पूर्ण निघत नाही. थॅलो निळ्यासारखे काही रंग तर कागदात मुरूनच बसतात. त्यामुळे तुमचे सगळे निर्णय ब्रश ओला व्हायच्या आधी झाले पाहिजेत.

सुरुवात फोटोपासून. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेला फोटो वापरू नका, त्यातले बारकावे आधीच गेलेले असतात. ज्या फोनने फोटो काढला त्यातली किंवा गूगल फोटोजमधली मूळ फाइल शोधा. चित्रकाराला पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. मग फोनच्याच एडिटरमध्ये ‘शॅडोज’ची पट्टी वर न्या. काळ्या अंगात केसांची दिशा, गालाचा उंचवटा, कानाची घडी दिसू लागली तर फोटो कामाचा. नुसता करडा दाणेदार गाळ वर आला तर त्या फोटोत माहितीच नाही, आणि जी नाही ती चित्रकार कुठून आणणार? अंदाजाने भरलेला कुत्रा लॅब्राडॉर दिसेल, तुमचा दिसणार नाही.

त्यानंतर डोळे मोठे करून बघा. बुबुळाचा तपकिरी रंग आणि त्यातला प्रकाशाचा ठिपका दिसायला हवा. फ्लॅश मारलेले फोटो बाद करा. कुत्र्याच्या डोळ्यामागचा परावर्तक पडदा हिरवा-पिवळा चमकतो आणि डोळ्याचा खरा रंग हरवतो, शिवाय समोरून आलेल्या उजेडाने चेहरा चपटा होतो. खिडकीजवळ किंवा सावलीच्या अंगणात, उजेड एका बाजूने येत असताना काढलेला फोटो उत्तम. अगदी नाकाजवळ फोन धरून काढलेले फोटो गोड दिसतात, पण त्यात नाक फुगतं आणि कान मागे जातात. दीड-दोन मीटरवरून, कुत्र्याच्या नजरेच्या पातळीवरून काढलेला फोटो निवडा. उभ्याने वरून काढलेल्यात कपाळ मोठं आणि पाय आखूड होतात.

मुख्य फोटो एकच ठेवा आणि सोबत तीन-चार मदतीचे द्या: डोळ्यांचा रंग दाखवणारा, छातीवर पांढरा ठिपका असेल तर त्याचा, गळपट्ट्याचा. ‘या फोटोतलं तोंड आणि त्यातलं अंग’ असं सांगायचंच असेल तर दोन्हीकडे उजेड एकाच बाजूने येतोय का ते पाहा, नाहीतर मुंडकं चिकटवल्यासारखं दिसतं. वयही आधीच ठरवा. म्हाताऱ्या लॅब्राडॉरची हनुवटी आणि तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात. आईला तो त्या रूपात आठवतो की तरुण, हे आडून विचारून घ्या. ते पांढरे केस म्हणजे राखलेला कागद, रंग लागल्यावर ‘जरा म्हातारा करा’ म्हणता येत नाही.

चित्रकार निवडताना फुलं आणि निसर्गचित्रं बघून भुलू नका. काळ्या प्राण्याचं आधीचं काम मागा आणि डोळा-नाकाचा जवळून काढलेला फोटो मागा. चांगल्या कामात काळा हा ट्यूबमधला सपाट काळा नसतो. बहुतेक जण अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून तो बनवतात, म्हणून सावलीत कुठे निळसर, कुठे तपकिरी झाक दिसते. जलरंग वाळल्यावर फिकटतो. त्यामुळे काळ्यासाठी दोन-तीन थर लागतात आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा लागतो. भित्रा हात असेल तर कुत्रा राखाडी राहतो, घाई केली तर रंग गढूळ होतो. डोळ्यातला ठिपका कागद राखून काढला की पांढऱ्या गवाशने (अपारदर्शक जलरंगाने), यावर चित्रकारांत वाद आहेत. तुम्ही त्यात पडू नका, दोन्ही चालतं.

सामानाबद्दल दोनच प्रश्न विचारा. कागद शंभर टक्के कॉटनचा, आम्लमुक्त, 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड) आहे का? आर्श, फॅब्रियानो आर्टिस्टिको, सॉन्डर्स वॉटरफोर्ड ही त्यातली नेहमीची नावं. लाकडी लगद्याचा साधा कागद पिवळा पडतो आणि वारंवार ओला केला की त्याची साल निघते. दुसरा प्रश्न, रंग उजेडात टिकणारे आहेत का? मागे गुलाबी-जांभळे शिंतोडे उडवलेली इंद्रधनुषी शैली सध्या लोकप्रिय आहे. त्यातला झगझगीत ऑपेरा पिंक लवकर उडतो, जुना अ‍ॅलिझरिन क्रिमसनही (ट्यूबवरचा रंगद्रव्य-क्रमांक पीआर 83) फिकटतो. काळ्या कुत्र्याला साधी पार्श्वभूमी शोभते, हे माझं मत. फिकट गेरू किंवा निळसर राखाडी वॉश (पातळ रंगाचा थर) पुरे.

आकार: फक्त डोकं-मान असेल तर ए4 (21 × 29.7 सेमी) चालतो. पूर्ण अंग ए4 वर बसवलं तर डोळा जेमतेम 4-5 मिमीचा होतो आणि ओळख डोळ्यातच असते. पूर्ण अंग हवं असेल तर ए3 घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, पेन्सिलचं रेखाटन. ते मंजूर केल्याशिवाय रंग लावू नका, असं आधीच सांगा. रेखाटनाचा फोटो मूळ फोटोवर अर्धपारदर्शक करून ठेवा आणि डोळ्यांतलं अंतर, नाक ते कपाळ लांबी, कानाची जागा जुळवा. डोळे मोठे आणि तोंड आखूड करून गोंडस करायची खोड बऱ्याच जणांना असते. दुरुस्ती नेमकी सांगा. ‘डावा कान अर्धा सेमी खाली’ हे कळतं, ‘काहीतरी वेगळं वाटतंय’ यावर कोण काय करणार? रेखाटन रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा बघा, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवा (आईला सोडून).

फिल्टर मारलेली छापील प्रत ‘हाताने रंगवलेलं’ म्हणून विकणारेही आहेत. पहिल्या वॉशनंतर, टेपने पाटावर चिकटवलेल्या अर्धवट चित्राचा फोटो आधीच मागून ठेवा. हातात आल्यावर भिंगातून फिकट भाग बघा: छपाईत बारीक रंगीत ठिपके दिसतात, खऱ्या जलरंगात रंग कागदाच्या खळग्यांत साचलेला दिसतो.

पैशांचं लेखी ठरवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना: आकार, कागद, पेन्सिलच्या टप्प्यावर किती दुरुस्त्या, तारीख, आगाऊ किती, कुरिअर कुणाच्या खर्चाने. निम्मी रक्कम आधी मागणं वावगं नाही, पूर्ण रक्कम मात्र रेखाटनाआधी देऊ नका. वाढदिवस असेल तर महिनाभर आधी तरी सांगा. हक्कांचंही बोलून घ्या. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 (ब) नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. चित्रकाराला ते पोस्ट करायचं असेल किंवा त्याच्या प्रती विकायच्या असतील, तर तेव्हाच हो-नाही सांगा. मूळ फोटो व्यावसायिक छायाचित्रकाराचा असेल तर त्याचीही परवानगी लागू शकते.

चित्र काचेच्या फ्रेमसह कुरिअरने मागवू नका. प्लास्टिकच्या पाकिटात, दोन कडक फोमबोर्डांच्या मध्ये सपाट येऊ द्या आणि फ्रेम गावातच करा. फ्रेमवाल्याला तीन गोष्टी बजावा: आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), काच चित्राला टेकता कामा नये, आणि मागे सेलोटेप किंवा फेव्हिकॉल लावायचा नाही. काच टेकली की पावसाळ्यात आत दमट राहतं आणि कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. मुंबई-कोकणात तर पाऊस लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावूच नका, थेट ऊन येणारी भिंतही टाळा. ठिपके दिसलेच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ठिपक्यांसोबत रंगही सुटेल. फ्रेम उघडून चित्र कोरड्या जागी ठेवा आणि कागदाच्या जतनाचं काम करणाऱ्याकडे न्या.