टेक्सासमध्ये करारावर सही होण्याआधी प्रिस्क्रिप्शन लिहू नका

आपण फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (प्रगत शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारी व औषधे लिहून देणारी परिचारिका) म्हणून अ‍ॅरिझोनात सहा वर्षे स्वतंत्रपणे रुग्ण तपासलेत आणि औषधे लिहून दिलीत. आता यजमानांच्या नोकरीमुळे आपण ह्यूस्टनला आला आहात. येथील क्लिनिकचे मालक "आधी रुजू व्हा, डॉक्टरांबरोबरचा करार सावकाश करू" असे म्हणतात. अ‍ॅरिझोनातील काही जुन्या रुग्णांना मात्र व्हिडिओवर आपलेच उपचार हवे आहेत. या दोन्ही बाबतींत काय करावे, असे आपण विचारले आहे.

करारावर सह्या होईपर्यंत आपण टेक्सासमध्ये एकही प्रिस्क्रिप्शन लिहू नये. अ‍ॅरिझोनात औषधे लिहिण्याचा अधिकार आपल्याला आपल्या परवान्यातूनच मिळत होता. टेक्सासमध्ये तो अधिकार डॉक्टर आपल्याकडे सोपवतात, आणि ऑक्युपेशन्स कोड या तेथील व्यवसायविषयक कायद्याच्या 157व्या प्रकरणाप्रमाणे तो लेखी कराराने सोपवावा लागतो. सहा वर्षांच्या अनुभवाला येथे काहीच वजन नसावे हे मला मुळीच पटत नाही, परंतु आज अमलात असलेला कायदा हाच आहे आणि चूक झाल्यास मालकांचा व्यवसाय नव्हे, आपला परवाना पणाला लागतो.

नर्सिंगचा परवाना कॉम्पॅक्टमधला (एकमेकांचे परवाने मानणाऱ्या राज्यांच्या आपसातील करारातला) आहे, म्हणून पुरेसे आहे, असा समज पुष्कळांचा होतो. ती सोय केवळ आर.एन. (नोंदणीकृत परिचारिका) वगैरे सामान्य नर्सिंग परवान्यापुरती आहे, आणि तिथेही नव्या राज्यात कायम राहायला आल्यापासून 60 दिवसांत तेथील परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. नर्स प्रॅक्टिशनरचा परवाना आणि औषधे लिहिण्याची अधिकृतता टेक्सासच्या नर्सिंग बोर्डाकडून वेगळी घ्यावी लागेल.

करार वाचताना काही गोष्टी बारकाईने पाहाव्यात. कोणत्या ठिकाणी, कोणत्या प्रकारची औषधे आपण लिहू शकता, सल्ला कसा घ्यायचा, किती केस पेपर डॉक्टर तपासणार आणि दरमहा बैठक कशी होणार, हे त्यात नमूद असले पाहिजे. दरवर्षी त्याचा आढावा घेऊन पुन्हा सह्या कराव्या लागतात. माझा विशेष आग्रह पर्यायी डॉक्टरांच्या नावासाठी आहे, कारण करार करणारे डॉक्टर नोकरी सोडून गेले तर त्यांच्याबरोबर आपला अधिकारही जातो आणि बाहेर बसलेल्या रुग्णाला परत पाठवण्याची वेळ येते. शिवाय एका डॉक्टरला सर्वसाधारणपणे पूर्णवेळ सात जणांपर्यंतच हा अधिकार सोपवता येतो. क्लिनिकचे डॉक्टर ती मर्यादा आधीच गाठून बसलेले नाहीत ना, हे विचारून घ्यावे.

एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होणे व अतिचंचलता या विकाराची) मेथिलफेनिडेटसारखी औषधे आपण अ‍ॅरिझोनात लिहीत होता, असे आपल्या पत्रावरून दिसते. ती शेड्यूल 2 मध्ये, म्हणजे गैरवापराच्या धोक्यामुळे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या वर्गात येतात, आणि टेक्सासमध्ये त्या वर्गातील औषधे नर्स प्रॅक्टिशनरला रुग्णालयातील ठराविक परिस्थितीत किंवा हॉस्पिसमध्येच (अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या सेवेतच) लिहिता येतात. बाह्यरुग्ण क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली तरी ती चालत नाही. त्याहून कमी धोक्याची, शेड्यूल 3 ते 5 मधील औषधे रिफिलसह (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा घेतलेल्या औषधासह) 90 दिवसांपुरती लिहिता येतात. त्यापुढे, तसेच दोन वर्षांखालील बालकांसाठी, आधी डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्याची नोंद करावी लागते. अशा नियंत्रित औषधांसाठी डीईएची (अमेरिकेच्या केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण संस्थेची) नोंदणीही टेक्सासच्या पत्त्यावर स्वतंत्र हवी.

अ‍ॅरिझोनातील रुग्णांच्या बाबतीत, उपचार कोठे झाले हे रुग्ण त्या वेळी कोठे आहे त्यावरून ठरते. त्यामुळे तेथील परवाना चालू ठेवून, रुग्ण अ‍ॅरिझोनात असताना, आपण त्यांना पाहू शकाल. प्रत्येक भेटीच्या आरंभी ते कोठे आहेत हे विचारून नोंदवावे. तोच रुग्ण मुलीकडे डलासला आला असेल, तर त्या दिवशी टेक्सासचा कायदा लागू होतो. मात्र ह्यूस्टनमध्ये बसून हे काम सुरू करण्याआधी दोन्ही बोर्डांकडून लेखी उत्तर मागवावे, आणि नव्या क्लिनिकच्या नोकरीच्या करारात बाहेरच्या कामास मनाई नाही ना, तेही पाहावे.

मालकांना आजच ईमेल करून कराराचा मसुदा मागवा आणि रुजू होण्याची तारीख त्यावरील सह्यांनंतरचीच ठेवा. मसुदा हाती आला की सही करण्यापूर्वी तो टेक्सासमधील वकिलाला दाखवावा.