मधला खंड रेंगाळतो का?

प्रश्न : एन. के. जेमिसिन यांच्या ‘ब्रोकन अर्थ’ या कल्पनारम्य कादंबरीत्रयीतील ‘द ओबेलिस्क गेट’ (२०१६) या दुसऱ्या खंडावरून आमच्या पंचवटीतील वाचकगटात दोन तट पडले आहेत. पहिल्या खंडातील वाटचाल थांबून कथा भूमिगत वस्तीत अडकते, असा काहींचा आक्षेप आहे. आपले मत काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आक्षेप अगदीच निराधार नाही, परंतु नायिका एसुन कास्ट्रिमा या भूमिगत वस्तीत थांबलेली असताना तिची मुलगी नासुन, आपल्या धाकट्या भावाचा जीव घेणाऱ्या बापासोबत दक्षिणेकडे चाललेली असते, आणि या खंडाचा खरा जीव त्या वाटेवर आहे. ज्याची भीती वाटते त्याचीच मर्जी सांभाळणारी ती पोर माझ्या मनातून जात नाही. एसुनचा जुना गुरू अलाबास्टर याचे दगड झालेले अवयव दगडी देहाची अँटिमनी खाते, ती पाने तर घाई न करता पुन्हा वाचावीत. (या खंडालाही विज्ञानकथा व कल्पनारम्य साहित्यासाठीचा ह्यूगो पुरस्कार लाभला होता.)