आधी कारण लिही, मग बटण दाब

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग काळजी वाटली. कोणतं अ‍ॅप जास्त वेगवान, चार्टचं कोणतं पॅकेज घ्यावं, नोकरी सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग करावं का, सगळं विचारलंस. पण हातात असलेले तीन शेअर तू का घेतलेस, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. म्हणून हे उत्तर थोडं कडक होणार आहे.

इंटरनेटमुळे लहान-मोठे सगळे आता एका रांगेत आले, असं तू म्हणतेस. यातलं अर्धं खरं आहे आणि ते मी मनापासून मानतो. अमेरिकेत १ मे १९७५ पर्यंत दलालीचे दर ठरलेले असत, घासाघीस करायची सोयच नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्याच बड्या ऑनलाइन दलालांनी शेअरच्या सौद्यावरची दलाली शून्यावर आणली. कंपन्यांचे जे अहवाल मिळवायला पूर्वी खेटे घालावे लागत, ते आज तुझ्या फोनवर फुकट उघडतात. त्या तीन कंपन्यांपैकी एकीचा तरी अहवाल उघडलास का?

मी शेअर दलालाकडे फोनवर ऑर्डरी घ्यायच्या टेबलावर काम केलंय. गिऱ्हाईक म्हणायचं, "अमुक शंभर घ्या." आम्ही ते परत वाचून दाखवायचो: कुठली कंपनी, किती शेअर, खरेदी की विक्री, भाव बाजारचा की बांधून दिलेला. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून तसा नियमच होता. पण स्वतःचीच ऑर्डर दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कितीतरी लोक गप्प व्हायचे. मग म्हणायचे, "थांबा, जरा वेळाने सांगतो." पुष्कळदा तो फोन परत यायचाच नाही. ऑनलाइन ट्रेडिंग आलं, टेबलं गेली, आणि ते थांबणंही गेलं. दलाली स्वस्त झाल्याचं मला मुळीच दुःख नाही. खंत आहे ती त्या थांबण्याची. ते आता कुणी तुला देणार नाही, तुझं तुलाच आणावं लागेल. कारण लिही, मग बटण दाब.

ही म्हाताऱ्याची कुरकुर वाटत असेल तर आकडे बघ. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात फोन सोडून ऑनलाइन ट्रेडिंगकडे वळलेल्या १,६०७ गुंतवणूकदारांचे व्यवहार तपासले. वळण्याआधी ही मंडळी वर्षाला बाजारापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त कमावत होती. वळल्यावर बाजाराच्या तीन टक्क्यांहून जास्त मागे पडली. माणसं तीच होती. सौदे वाढले, सट्टेबाजी वाढली, नफा आटला.

तुझ्या अ‍ॅपचा साचा ऑनलाइन दुकानदारीतून आलाय. अ‍ॅमेझॉनला एका क्लिकच्या खरेदीचं पेटंट १९९९ मध्ये मिळालं. मनात आलं आणि पैसे गेले, यांच्या मधली एकेक पायरी काढली की विक्री वाढते, हे दुकानदारांना तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे. पण तिथे घेतलेला बूट पायात बसला नाही तर परत करता येतो. घेतलेला शेअर कुणी परत घेत नाही. तो विकावा लागतो, गिऱ्हाईक मिळेल त्या भावाला.

आणि वेग, वेग काय करतेस? १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या संगणकावर शेअरचे सौदे करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या यंत्रणेत वापरातून गेलेला जुना कोड चुकून जागा झाला आणि ऑर्डरी सुटत राहिल्या. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर बुडाले. वेगाच्याच धंद्यात मुरलेली कंपनी ती. तिथे तुझ्या अंगठ्याचा काय पाड लागणार? गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या अमेरिकी कंपनीचं तर तुला आठवत असेल. २८ जानेवारी २०२१ ला शेअर ऐन भरात असताना काही दलालांनी खरेदीच बंद केली. बटण क्षणात दाबलं जातं, पण त्या वेळी तिथे पैसे आणि शेअर यांची प्रत्यक्ष अदलाबदल व्हायला दोन दिवस लागत. मधल्या जोखमीसाठी क्लिअरिंग संस्थेने, म्हणजे ही अदलाबदल पार पाडणाऱ्या संस्थेने, दलालांकडून जबर अनामत मागितली, म्हणून खरेदी थांबली. स्क्रीनवर यातलं काहीच दिसत नाही.

अमुक शेअर घ्या अशा टिप देणाऱ्या ग्रुपमध्ये असशील तर आजच बाहेर पड. २००० साली अमेरिकी बाजार नियामकाने एका पंधरा वर्षांच्या मुलाला पकडलं. तो स्वस्तातले शेअर आधी स्वतः घ्यायचा, मग इंटरनेटवर त्यांची भलामण करायचा आणि भाव चढला की विकून मोकळा व्हायचा. आजच्या ग्रुपवालेही तेच करतात. तुला टिप येते तोवर देणाऱ्याची खरेदी झालेली असते. यावर अधिक शब्द खर्च करत नाही.

मला हट्टी म्हणतात. आधी कारण लिहायच्या सवयीपायी पुष्कळ तेजी माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेली, हे खरं आहे. कारण लिहून होईपर्यंत भाव वर गेलेला असायचा. पण इतक्या वर्षांत एकदाही घाईघाईने विकावं लागलं नाही, रात्री उठून फोन बघावा लागला नाही. माझ्याबरोबरचे, माझ्याहून कितीतरी हुशार असलेले काही लोक आज बाजारात नाहीत. मी आहे. याला कुणी भित्रेपणा म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

तू हुशार आहेस, म्हणूनच चिडून लिहितोय. पूर्णवेळ ट्रेडिंगचं नंतर बोलू. आधी कागद घे आणि त्या तीन शेअरांसाठी तीन-तीन ओळी लिही: का घेतला, किती काळासाठी, आणि काय घडलं तर माझं चुकलं असं मानीन. तिसरी ओळ लिहायला वेळ लागेल, लागू दे. "सगळे घेत होते" हे कारण चालणार नाही. ज्या शेअरपुढे तुला काहीच लिहिता आलं नाही त्याचं नाव मला कळव, तो ठेवायचा की विकायचा ते आपण बसून बघू. तोवर नवीन ऑर्डर टाकू नकोस, आणि कोणतं अ‍ॅप चांगलं हे मला विचारू नकोस.