कूपनवरची बारीक अक्षरांतली ओळ

डोंबिवलीहून एका सेवानिवृत्त वाचकांनी विचारले आहे की, गेली सहा वर्षे डीएनडी (नको असलेले प्रचाराचे फोन व संदेश रोखण्यासाठी क्रमांक नोंदवण्याची सेवा) सुरू असूनही चार महिन्यांत एका बांधकाम कंपनीचे ६३ फोन आले, एसएमएस वेगळे आणि टपालपेटीत पडणारी माहितीपत्रके आणखी वेगळी. तर कंपनीवर दावा लावून नुकसानभरपाई मिळेल का? अशा आशयाची पत्रे माझ्याकडे नेहमीच येतात. कोणाच्या पत्रात बांधकाम कंपनीच्या जागी बँक असते, कोणाच्या पत्रात कोचिंग क्लास. १९०९ या क्रमांकावर डीएनडी कशी सुरू करावी हे आता बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ते येथे पुन्हा सांगत नाही.

आपल्या प्रकरणाचा निकाल लावणारी गोष्ट आपण स्वतःच पत्रासोबत जोडली आहे. मालमत्ता प्रदर्शनात सोन्याच्या नाण्याच्या सोडतीसाठी आपण जे कूपन भरले, त्याच्या छायाप्रतीत सहीच्या खाली, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा अक्षरांत, एक ओळ आहे: क्रमांक डीएनडीमध्ये नोंदलेला असला तरी कंपनी, तिच्या समूहातील संस्था आणि व्यावसायिक भागीदार यांना दूरध्वनी, संदेश, ई-मेल व टपालाने संपर्क साधण्यास माझी संमती आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, २०१८ च्या विनियमांत ग्राहकाची पसंती आणि ग्राहकाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीएनडी ही आपली सर्वसाधारण पसंती झाली. एखाद्या विशिष्ट प्रेषकाला दिलेली स्पष्ट संमती त्या प्रेषकापुरती तिच्यावर मात करते. थोडक्यात, सहा वर्षे लावलेले कुलूप आपण एका सहीने त्या कंपनीपुरते उघडून दिले आहे. त्यातून ‘दोन परिचितांचे क्रमांक’ या रकान्यात आपण जावयांचा क्रमांकही लिहिला आहे. दुसऱ्याच्या वतीने संमती देण्याचा अधिकार आपल्याला नव्हता, त्यामुळे जावयांची बाजू आपल्यापेक्षा भक्कम आहे. त्यांनी आपली तक्रार स्वतंत्रपणे करावी.

ही संमती कायमची नसते, ती मागे घेता येते, आणि आपण पहिले काम तेच करायचे आहे. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला एक पत्र लिहा. त्यात कूपनची तारीख, आपले दोन्ही मोबाइल क्रमांक, ई-मेल आणि घरचा पत्ता देऊन, फोन, संदेश, ई-मेल व टपाल या सर्व मार्गांसाठी दिलेली संमती मागे घेत असल्याचे एकाच वाक्यात स्पष्ट म्हणा आणि आपली माहिती ज्यांना दिली त्या ‘भागीदारां’ची नावे मागा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, त्याचीच प्रत ई-मेलने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा. प्रचाराच्या एसएमएसमध्ये नकार कळवण्याची सोय देणे या विनियमांच्या २०२५ च्या दुरुस्तीने बंधनकारक केले आहे. ती सोय दिसली तर तीही वापरा. एकदा नकार दिल्यावर त्या प्रेषकाला पुढील ९० दिवस आपल्याकडे पुन्हा संमती मागता येत नाही.

कागदी कूपनावरची असली संमती मुळात टिकावी की नाही, हाही प्रश्न आहे. ट्रायने जून २०२३ मध्ये दूरसंचार कंपन्यांना संमती नोंदवण्याची डिजिटल व्यवस्था उभारण्याचे निर्देश दिले आणि ती उभी राहिल्यावर इतर मार्गांनी मिळवलेल्या संमती रद्द समजल्या जातील असे सांगितले. त्यानंतर दोन वर्षांनी, २०२५ मध्ये, काही बँकांना घेऊन तिचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला. या गतीवर मी अधिक भाष्य करत नाही. आपले कूपन आपोआप निकालात निघाले असे गृहीत धरू नका, एवढेच सांगतो.

आता त्या ६३ फोनांविषयी. आपण त्यांची वहीत तारीखवार नोंद ठेवली, स्क्रीनशॉट काढले, आणि १९०९ वर एकही तक्रार केली नाही. ही वही मला तक्रारींच्या पोचपावत्यांसह मिळाली असती तर या पत्राचे उत्तर निराळे झाले असते. नको असलेल्या फोनची किंवा संदेशाची तक्रार करण्याची मुदत आधी तीन दिवसांची होती, फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने ती सात दिवसांची झाली. आपल्या नोंदींतले बहुतेक फोन या मुदतीच्या बाहेर गेले आहेत आणि त्यांचा आता उपयोग फार तर पार्श्वभूमी म्हणून होईल. यापुढचा प्रत्येक फोन मात्र नवी मुदत सुरू करतो. आपल्याच नोंदींनुसार निम्म्याहून अधिक फोन साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकांवरून आले आहेत, आणि नेमकी हीच आपली जमेची बाजू आहे. प्रचाराचे फोन नोंदणी करून १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करायचे असतात. कूपनवरच्या संमतीने कंपनीला आपल्याकडे फोन करण्याची मुभा मिळत असेल, नोंदणीतून सुटका मिळत नाही. अशा बिगरनोंदणीकृत क्रमांकाविरुद्ध तक्रार करायला आता डीएनडी नोंदलेली असण्याचीही अट नाही, आणि दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या ग्राहकांच्या तक्रारी आल्या तर त्या क्रमांकावर कारवाई सुरू होऊ शकते. तेव्हा क्रमांक, तारीख आणि फोन कशाविषयी होता ही तीन माहिती त्याच दिवशी १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि इमारतीतल्या ज्या शेजाऱ्यांना तेच फोन येतात त्यांनाही तसे करायला सांगा. व्हॉट्सॲपवरचे संदेश या विनियमांत येत नाहीत. तेथे ब्लॉक करून तक्रार नोंदवणे एवढेच हाती आहे.

नुकसानभरपाईची आशा मी आपल्याला दाखवणार नाही. विनियमांखालचा दंड नियामकाकडे जातो, तक्रारदाराला त्यातला रुपयाही मिळत नाही. ग्राहक आयोगात जाण्यासाठी आपण ‘ग्राहक’ असावे लागते; आपण त्या कंपनीचे घर घेतलेले नाही, त्यामुळे तिच्याविरुद्धची तक्रार दाखल होतानाच अडखळण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या मोबाइल सेवा कंपनीचे आपण ग्राहक आहात आणि दूरसंचार सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येते असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु ज्या सेवेबद्दल आपण एकदाही तक्रार केली नाही तिच्यातली त्रुटी सिद्ध कशी करणार? शिवाय ग्राहक संरक्षण कायदा तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असे म्हणतो, प्रत्यक्षात पहिली प्रभावी सुनावणी तेवढ्यात झाली तरी वकील पेढे वाटतील. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे अशी चांगली तरतूद आहे, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले तेव्हा तिच्या अंमलासाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. आज पाठवलेले संमती मागे घेण्याचे पत्र तेव्हाही पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

राहिली कागदी माहितीपत्रके. ती थांबवण्यासाठी डीएनडीसारखी वैधानिक नोंदवही आपल्याकडे नाही. वर्तमानपत्रात घातलेल्या पत्रकांबद्दल पेपरवाल्याशी बोलावे, टपालपेट्यांत पत्रके टाकणाऱ्यांना फाटकापाशीच अडवण्याचा निर्णय सोसायटीच्या व्यवस्थापक समितीने घ्यावा आणि नावानिशी येणाऱ्या माहितीपत्रकांसाठी वरचे पत्र पुरे. परंतु आपल्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात सहज लिहिलेल्या एका वाक्याने मला ६३ फोनांपेक्षा अधिक काळजी वाटली: ‘पोस्टमनला सांगून ठेवले आहे की आमच्या नावाचे छापील पाकीट आले की घेण्यास नकार असा शेरा मारून परत पाठवा.’ योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेली नोटीस घेण्यास नकार दिला तर ती बजावली गेली असेच न्यायालये सामान्यतः धरतात. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे (जनरल क्लॉजेस ॲक्टचे) कलम २७ त्यासाठीच आहे. सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली असल्याने बँकेची वसुलीची नोटीस आणि बांधकाम कंपनीचे रंगीत माहितीपत्रक बाहेरून दिसायला आता आणखी सारखी असू शकतात. आपल्या पत्रावरून आपण मुलाच्या गृहकर्जाला जामीन आहात असे दिसते. म्हणून बांधकाम कंपनीला पत्र लिहिण्याआधी पोस्टमनला दिलेली ती सूचना मागे घ्या, आणि गेल्या चार महिन्यांत आपल्या नावाची कोणती पाकिटे परत गेली याची टपाल कार्यालयात व कर्ज देणाऱ्या बँकेत याच आठवड्यात चौकशी करा.