गळावरून सुटलेला मासा शहाणा होतो का?

प्रश्न : आमच्या शेततळ्यात दीड वर्षापूर्वी रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस सोडले. सुरुवातीला कणकेच्या गोळीवर पटापट मासा लागायचा. लहान असला की आम्ही परत सोडायचो. आता पहाटे मासे वर तोंड काढताना दिसतात, पण गळाला शिवत नाहीत. कुणी म्हणतं मासे हुशार झाले, कुणी म्हणतं माशाला तीन सेकंदांपलीकडचं काही आठवत नाही. खरं काय?
– एक वाचक, सांगोला तालुका

उत्तर : तीन सेकंदांची गोष्ट आधी सोडून द्या. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात शास्त्रज्ञ बर्नार्ड ॲग्रानॉफ यांनी 1960च्या दशकात स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी गोल्डफिशच निवडला. दिवा लागला की टाकीच्या दुसऱ्या भागात जायचं, नाहीतर विजेचा सौम्य झटका, एवढा धडा हा मासा शिकतो आणि तो दिवसेंदिवस टिकतो. धडा झाल्यावर लगेच प्युरोमायसिन हे औषध मेंदूपाशी टोचलं तर तो पुसला जायचा, उशिरा टोचलं तर कायम राहायचा. टिकाऊ स्मरणच नसेल तर पुसायचं काय?

गळाबद्दल तर थेट पुरावा आहे, आणि तोही तुमच्याच माशाचा. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प. हॉलंडचे संशोधक ब्यूकेमा यांनी तळ्यातल्या कार्पवर केलेले प्रयोग 1970 मध्ये प्रसिद्ध झाले. एकदा गळाला लागून सोडलेला कार्प पुन्हा लागणं फारच अवघड होतं, आणि ही सावधगिरी वर्षभरानंतरही दिसत होती. एकच अनुभव पुरला. त्याच वर्षी त्यांनी पाइक या शिकारी माशाबद्दल लिहिलं, ते आणखी मजेशीर आहे. चकाकत्या धातूच्या फिरकीला फसलेला पाइक पुढे फिरकी टाळायचा, पण जिवंत माशाचं आमिष लावलं की पुन्हा लागायचा. नकली भक्ष्य टाळायला तो शिकला. रोजचं खरं भक्ष्य टाळणं त्याला परवडणारं नव्हतं. शिवाय हा धडा शेजाऱ्यावरूनही मिळतो. दुसऱ्या कार्पला गळ लागताना पाहिलेले कार्पही सावध होतात, असं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं.

तेव्हा मासा शिकतो. पण तुमच्या तळ्यात मासा लागत नाही तो शिकल्यामुळेच, असं म्हणायची घाई करू नका. तुमच्या प्रश्नातच दुसरं कारण दडलंय. पहाटे मासे वर तोंड काढतात ते पाण्यातला प्राणवायू घटल्यामुळे. रात्रभर शेवाळही श्वास घेतं, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास प्राणवायू सगळ्यात कमी असतो. अशा वेळी मासा खातच नाही. समोर काहीही टाका. गळ बाजूला ठेवा, खाद्य आणि शेणखत बंद करा, तळ्यातलंच पाणी पंपानं उचलून फवाऱ्यासारखं परत पाडा. नाहीतर हुशार आणि बावळट दोन्ही मासे एकदमच गमावाल.

आता आणखी तीन गोष्टी तपासा. कोणता मासा उरलाय? सायप्रिनस तळाशी चरतो आणि कणकेला सगळ्यात आधी लागतो. तो आणि तळाचाच मृगळ काढून झाले की उरतो तो मधल्या थरातला रोहू आणि वरच्या थरात प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खाणारा कटला. तळाला पडलेल्या गोळीशी कटलाला फारसं देणंघेणं नसतं. दुसरं, मासा भुकेला आहे का? भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मी-निम्मी, माशांच्या एकूण वजनाच्या 2 ते 3 टक्के, असं रोज मिळत असेल तर खाद्य टाकल्यावर तासाभरात गळ टाकण्यात अर्थ नाही. तिसरं, थंडी. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की रोहू-कटलाचं खाणं झपाट्यानं उतरतं.

हे सगळं ठीक असेल तर एक साधी चाचणी करा. गळाला लागलेल्या पंचवीसेक माशांच्या पोटाखालच्या डाव्या पराचं नुसतं टोक छोट्या कात्रीनं कापा आणि सोडा. पर पुन्हा वाढतो, म्हणून पुढचं काम दोन-तीन आठवड्यांत उरका. पाग (फेकजाळं) टाकून त्याच जातीचे 40 मासे धरा. त्यांतल्या 20 जणांवर खूण असेल तर तळ्यातला निम्मा मासा खुणेचा. मग गळाला लागलेल्या 20 माशांत साधारण 10 खुणेचे यायला हवेत. दोन-तीनच आले तर मासे खरंच शिकलेत. आठ-दहा आले तर दोष माशाच्या डोक्यात नाही, पाण्यात, खाद्यात नाहीतर तुमच्या गळात आहे.

आणि जे मासे परत सोडले जात नाहीत, भाजीलाच जातात, ते कोणाला काय शिकवणार? तिथं मात्र निवड होते: धीट मासे आधी संपतात, बुजरे मागे राहतात. बुजरेपण काही अंशी आनुवंशिक असतं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या रिज लेकच्या लार्जमाउथ बास माशांपासून सहज लागणारे आणि सहसा न लागणारे असे दोन वंश वाढवले, तेव्हा पिढ्यांगणिक दोघांतला फरक वाढत गेला. तुम्ही दर वर्षी बाहेरून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणून सोडत असाल तर तेवढी काळजी नको.

प्रश्न : गळाचा फुगा हलतो, गोळी जाते, गळ रिकामा येतो. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बारीक करून पाहिलं, फरक नाही.
– तेच वाचक

उत्तर : कार्प घास चावून धरत नाही. तो पाण्यासकट ओढून घेतो, तोंडात चाचपतो आणि खटकलं की तितक्याच जोरात बाहेर फेकतो. गळात खुपसलेली गोळी जड आणि ताठ लागते. एकदा टोचलेल्या माशाला तेवढा इशारा बास होतो. यावर इंग्लंडमध्ये 1980च्या सुमारास लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी तोड काढली. आमिष गळात न खुपसता केसानं गळाखाली लोंबतं ठेवायचं. सुरुवातीला तो खरोखर माणसाचा केस होता. आमिष सुटं आत जातं, मागोमाग उघडा गळ जातो, आणि थुंकताना तोच ओठात रुततो.

कणीक अशा केसावर टिकत नाही, हरभरा टिकतो. रात्रभर भिजवून सुई आरपार जाईल पण दाणा फुटणार नाही इतपत शिजवा. कच्चा कोरडा दाणा वापरू नका, पोटात फुगतो. तंगुसाचं टोक गळाच्या डोळ्यातून मागच्या बाजूनं ओवा, दाणा अडकेल एवढी शेपटी लोंबती ठेवा. मग वरच्या तंगुसानं ती शेपटी दांड्याला धरून खाली सात-आठ वेढे द्या आणि तंगूस पुन्हा मागच्याच बाजूनं डोळ्यातून काढून ओला करून आवळा. समोरून काढलंत तर गळ तिरका बसतो आणि रुतत नाही. दाणा आणि गळाचा बाक यांत अर्धा सेंटिमीटर फट पुरे. ही फट दोन सेंटिमीटरवर गेली की मासा दाणा खातो आणि गळ ओठाबाहेरच राहतो.

लहान मासे सोडणारच असाल तर गळाची उलटी नांगी पकडीनं दाबून टाका, हात ओले करा, गिळलेला गळ उपटू नका, तंगूस तिथंच कापा. जखमी मासा बसल्या जागी परत टाकू नका. कार्प कुळातल्या माशांची कातडी फाटली की पाण्यात एक द्रव्य मिसळतं आणि त्याच्या वासानं बाकीचे पळतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 मध्ये मिनो माशांत हे दाखवलं. गळातून सोडवलेले मासे कापडी हाप्यात (पाण्यात टांगलेल्या पिंजऱ्यात) ठेवा, जाताना पलीकडच्या काठाला सोडा. तळ्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर गळ तळावरून ओढू नका. मासा नाही लागला तरी चालेल, अस्तराला भोक नको.

प्रश्न : खाडीत बोय (मुलेट मासा) जाळ्यावरून उडी मारून जाते. हे ती अनुभवानं शिकते का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : उडी ही बोयची मुळातली सवय. जाळं नसतानाही ती उड्या मारतेच, त्यामुळे नुसत्या उडीवरून शिकण्याचा निष्कर्ष निघत नाही. भूमध्य समुद्रातले कोळी तिला हरवायला जाळ्याच्या वरच्या काठालगत पाण्यावर आडवं जाळं पसरतात. उडालेली बोय त्यात पडते.

जाळं चुकवायला मासे शिकतात हे मात्र खरं. ऑस्ट्रेलियात कलम ब्राउन यांनी रेनबोफिशच्या टाकीत ओढायचं जाळं फिरवलं आणि त्यात एक भोक ठेवलं. पाच फेऱ्यांत मासे सरळ भोकाकडे जायला लागले, आणि 11 महिन्यांनी पुन्हा जाळं फिरवल्यावरही त्यांना ते सापडलं. हा अभ्यास 2001चा.

शेततळ्यात ओढजाळं लावणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं: खालची दोरी तळाला नीट टेकत नसेल तर सायप्रिनस तिच्याखालून निसटतो, आणि निसटलेला पुढच्या खेपेला तीच फट शोधतो. दोरीला शिसं जवळजवळ बांधा आणि कोपऱ्यांत एक-एक माणूस पायानं दोरी दाबून चालू द्या.