पुढच्या रुपयाचं काय होणार?

प्रिय बाळ,

मंडळाच्या वर्गणीतले उरलेले दोन लाख मलेरियाला द्यायचे, हवामान बदलाला की सर्पदंशाला, या घोळात तू अडकली आहेस. 'सगळ्यात मोठं संकट कोणतं?' असं विचारतेस. नको ना हे विचारूस! पुढच्या रुपयानं काय बदलेल, ते विचार.

2023 मध्ये मलेरियानं सुमारे 5 लाख 97 हजार जीव गेले, बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. सर्पदंशानं जगात वर्षाला 81 हजार ते 1 लाख 38 हजार. आकड्यांवर मलेरिया जिंकला. पण पुढचा रुपया? औषध लावलेली मच्छरदाणी पाचेक डॉलरना पडते, दोघं तिच्याखाली झोपतात. ती आधीच मच्छरदाण्या असलेल्या गावात गेली, किंवा तिथले डास त्या औषधाला दाद देत नसले, तर हिशेब कोसळतो. संस्थेला विचार, वाटपानंतर सहा महिन्यांनी शंभरातल्या किती टांगलेल्या सापडल्या? उत्तर नसेल तर पैसे देऊ नकोस.

सर्पदंश आपल्या उसाच्या फडातला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांच्या विषावर उतारा, म्हणजे दंशानंतर टोचायची 'सापाची लस', एकच. विष भिनल्याची लक्षणं दिसली की साधारण 10 कुप्यांनी सुरुवात. पण कुप्या दवाखान्यात पडून आणि माणूस मांत्रिकाकडून चार तासांनी आला, तर आणखी कुप्या कशाला? मण्यारीच्या दंशात श्वास थांबू शकतो. तिथं पुढचा रुपया गाडीवर आणि कृत्रिम श्वास देण्याच्या प्रशिक्षणावर लागायला हवा.

हवामान बदलाकडे सरकारांचा पैसा आहेच. तुझे दोन लाख तिथं बुडून जातील.

दुर्लक्षित काम बघ. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तीत शिशाचा रंग घालत. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं. तपासणी, दंड, प्रचार झाला आणि 2021 मध्ये एकाही नमुन्यात नाही. सांगलीची हळद आपल्या दाराशी, म्हणून हे तुला नीट कळेल.

'आधी आपल्या मातीतलं' असं मंडळात म्हणतील. खानापूर, निपाणीवर माझाही जीव आहे. तरी हट्ट सोडणार नाही. हा प्रश्न मी फार उशिरा विचारायला लागलो, ती टोचणी आहे, म्हणूनच तुझ्यावर चिडतोय.

रविवारच्या बैठकीला तीन रकाने आखून ने: किती जणांना त्रास, आधीच किती पैसा, एक लाखानं नेमकं काय वाढेल. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर त्या दिवशी मतदान घेऊ नकोस.